मायक्रोवॅटचा हिशेब : छापील अँटेना आणि आपले वनजिल्हे



विज्ञानातला एखादा नवा विषय घ्या, पण तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला लागू पडला पाहिजे, अशी सूचना संयोजकांनी केली होती. ती मला मनापासून आवडली. म्हणून आज मी छापील अँटेनांबद्दल बोलणार आहे. मोबाइलचे टॉवर, टीव्हीची प्रक्षेपण केंद्रे, वाय-फायचे राउटर यांच्या रेडिओलहरी आपल्या अवतीभवती सतत पसरलेल्या असतात. कागदावर किंवा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूच्या शाईने अँटेना छापायचा, त्याने या लहरी पकडायच्या आणि त्यांतून थोडीशी वीज काढून एखादे लहान उपकरण बॅटरीशिवाय चालवायचे, असे हे तंत्र आहे.

‘हवेतून वीज’ अशा मथळ्याखाली त्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचून विद्यार्थी विचारतात, ‘सर, मग भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावर याने दिवा लागेल का?’ प्रश्न साधा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. दिवा लागणार नाही. पण जंगलातली, दवाखान्यातली, धानाच्या गोदामातली काही कामे या तंत्राने होऊ शकतात आणि ती आपल्या जिल्ह्यांच्या गरजेची आहेत. दिवा का लागणार नाही आणि ही कामे कशी होतील, याचा हिशेब मला आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

तो इथेच मांडायला हवा, याला कारण आहे. चंद्रपूरच्या ऊर्जानगर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत, साडेसातशे किलोमीटर, १५०० मेगावॅटपर्यंत वीज वाहून नेऊ शकते. त्याच चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारे तीन-चतुर्थांश जंगलाखाली आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी वीज म्हणजे खांबावरची तार जितकी, तितकीच पिशवीतून वाहून नेलेली बॅटरीही. वनरक्षकाचा टॉर्च, पाणवठ्यावरचा ट्रॅप कॅमेरा, आशाताईंचा मोबाइल, लशीच्या पेटीतला तापमापक हे सगळे सेलवर चालते. मेगावॅट निर्माण करणाऱ्या या प्रदेशाला मिलिवॅट आणि मायक्रोवॅट किती महाग पडतात, हे दूरच्या शहरातल्या माणसाला सहज उमगत नाही.

ही मापे आज वारंवार येतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. वॅटचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॅट, दहा लाखावा भाग मायक्रोवॅट आणि शंभर कोटीवा भाग नॅनोवॅट. आपला सगळा विषय या शेवटच्या दोन मापांत मावतो.

रेडिओलहर धातूवर येऊन पडली की धातूतले इलेक्ट्रॉन मागेपुढे हलू लागतात. मोबाइलच्या लहरींमुळे ते सेकंदाला नव्वद कोटी, एकशेऐंशी कोटी वेळा मागेपुढे होतात. असा उलटसुलट प्रवाह उपकरणाच्या थेट कामाचा नसतो. त्याला एका दिशेला लावावे लागते आणि ते काम डायोड करतो. अँटेना आणि डायोड यांच्या जोडीला अभियंते रेक्टेना म्हणतात. तिच्यापुढे एक कपॅसिटर असतो. ठिबकणाऱ्या माठाखाली भांडे ठेवावे, ते भरेपर्यंत थांबावे आणि मग पाणी एकदम वापरावे, तसे तो थेंबथेंब वीज साठवतो आणि पुरेशी झाली की उपकरणाला एका दमात देतो.

लहरीला स्फटिकाने ओळखण्याच्या विद्येची एक मोठी पायरी आपल्या देशात घडली. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात रेडिओलहरींचे जाहीर प्रयोग करून दाखवले. त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले. इतक्या आखूड लहरींकडे जग पुढे कित्येक दशकांनी वळले. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी ओळखण्याच्या त्यांच्या साधनाला १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे अशाच स्फटिकावर घरगुती क्रिस्टल सेट निघाले. झाडावर ताणलेली लांब तार, जमिनीत गाडलेली दुसरी तार, मध्ये स्फटिक आणि कानाला हेडफोन, एवढ्यावर आकाशवाणी ऐकू यायची. त्यात सेल नसायचा. कानात येणारा आवाज निव्वळ प्रक्षेपकाकडून आलेल्या ऊर्जेवर उमटायचा. नागपूरजवळ बुटीबोरीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १००० किलोवॅटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक होता. एवढी ताकद मागे असली आणि तार लांब असली की बॅटरीशिवाय ऐकणे शक्य होते. प्रक्षेपक किती मोठा, तो किती जवळ आणि पकडणारा अँटेना केवढा, या तीन गोष्टी तेव्हाही निर्णायक होत्या आणि आजही तशाच आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी हे काम फार पुढे नेले. १९६४ मध्ये त्यांनी मायक्रोवेव्हच्या झोतावर एक लहान हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ३० किलोवॅटहून अधिक वीज तारेशिवाय पोचवण्यात आली. मात्र ते झोत मुद्दाम रोखलेले होते. दुसऱ्याच कामासाठी सोडलेल्या आणि चहूकडे विखुरलेल्या लहरींतून वीज वेचणे त्याहून पुष्कळ अवघड आहे. २००९ मध्ये सिएटल इथे ॲलन्सन सँपल आणि जोशुआ स्मिथ यांनी ते करून दाखवले. ४.१ किलोमीटरवरच्या टीव्ही मनोऱ्याकडे साधा टीव्हीचा अँटेना रोखून त्यांनी ६० मायक्रोवॅट मिळवले आणि त्यावर तापमान व आर्द्रता दाखवणारे एक यंत्र चालवले. त्या मनोऱ्याची परिणामी प्रक्षेपणशक्ती ९६० किलोवॅट होती. २०११ मध्ये जॉर्जिया टेक या संस्थेत मॅनोस टेन्झेरिस यांच्या गटाने कागदावर आणि प्लास्टिकवर इंकजेट यंत्राने अँटेना छापले आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या टीव्ही केंद्राच्या लहरींवर तापमानाचा संवेदक चालवला. ‘हवेतून वीज’ या बातम्यांचे मूळ अशा प्रयोगांत आहे. प्रयोग खरे आहेत. बातमीत मनोऱ्याचे अंतर आणि त्याची ताकद गळून पडते, एवढेच.

आता एक वस्तू जवळून पाहू. तुमच्यापैकी अनेकजण ती येताना बरोबर घेऊन आला आहात. बाहेर उभ्या असलेल्या मोटारींच्या समोरच्या काचेवर ती आतून चिकटवलेली आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. एखादा बाद झालेला फास्टॅग हाती आला, तर त्याचा वरचा कागद सावकाश सोला आणि आतला पापुद्रा उजेडापुढे धरा. त्यावर ॲल्युमिनियमची चकाकणारी रेघ दिसेल. ती सरळ जात नाही, दोन्ही बाजूंना नागमोडी वळणे घेत जाते. भारतात या कामाला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर आणि तिचा निम्मा भाग सतरा सेंटिमीटर. एवढा लांब अँटेना जेमतेम दहा सेंटिमीटरच्या चिटोऱ्यात बसवायचा, म्हणून ही वळणे. रेघेच्या मध्यभागी एक लहान बंद कडे असते आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची चिप. चिपचा विद्युत स्वभाव कपॅसिटरसारखा असल्याने लहर तिच्यात न शिरता मागे फिरू पाहते. ते कडे बरोबर उलट्या स्वभावाचे आखलेले असते, त्यामुळे मिळालेली ऊर्जा चिपमध्ये उतरते. बस, एवढेच. सेल नाही, तार नाही.

नाक्यावरचा वाचक जास्तीत जास्त चार वॅटच्या परिणामी प्रक्षेपणशक्तीने लहरी गाडीकडे सोडतो. चिपला जागे व्हायला दहा मायक्रोवॅटच्या आसपास ऊर्जा पुरते. जागी झाल्यावर ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. आपल्या अँटेनावरचा भार ती झपाट्याने बदलत राहते, त्यामुळे परत फिरणारी लहर कमीजास्त होते आणि त्या चढउतारातून वाचकाला गाडीचा क्रमांक कळतो. उत्तर देण्यासाठी स्वतःची लहर निर्माण करावी लागत नाही, हीच यातली मोठी बचत. लहरींतून वेचलेल्या ऊर्जेवर चालणारी छापील-कोरीव अँटेनांची अशी कोट्यवधी उपकरणे आज देशात रोज कामात आहेत. तंत्र प्रयोगशाळेत अडकलेले नाही, ते नागपूरच्या रस्त्यावर आहे.

पण फास्टॅगच्या जवळ त्याच्यासाठीच लावलेला वाचक असतो. नाक्यापासून पाच मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन मायक्रोवॅट ऊर्जा पडते. वाचक नसेल, नुसती आपोआप पसरलेली लहर असेल, तर किती पडते? लंडनमध्ये इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी भुयारी रेल्वेच्या २७० स्थानकांबाहेर मोजमाप केले आणि २०१३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यात सरासरी ८४ नॅनोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, ९०० च्या पट्ट्यात ३६, डिजिटल टीव्हीचे एकाहून कमी आणि वाय-फायचे तर ०.१८. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या शहरातले हे आकडे आहेत. आपल्या डोक्यावर भर दुपारी पडणारे ऊन दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट असते. म्हणजे लंडनच्या सर्वांत श्रीमंत पट्ट्याच्याही दहा लाख पटींहून जास्त.

आता आपल्या रानात या. टॉवरवरचा प्रक्षेपक २० वॅटचा आणि त्याचा अँटेना ती शक्ती एका दिशेला पन्नास पट एकवटणारा, असे धरू. पुढे अडथळा नसेल, तर एक किलोमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला आठ नॅनोवॅट पडतात. पाच किलोमीटरवर अंतर पाचपट आणि ऊर्जा पंचवीस भागांतला एक भाग, म्हणजे ०.३ नॅनोवॅट. शंभर चौरस सेंटिमीटरचे काम करणारा अँटेना तिथे लावला, तर हाती येतात तीस-बत्तीस नॅनोवॅट. हेही मोकळ्या मैदानातले. मध्ये सागाचे रान आले, पावसाळ्यात पान ओले झाले, टेकडी आडवी आली, की त्यातलेही बरेचसे वाटेतच शोषले जाते.

त्यानंतर डायोडची अडचण येते. डायोडला उघडायला थोडा दाब लागतो. एक मायक्रोवॅटच्या लहरीने नेहमीच्या ५० ओहमच्या मंडलात जेमतेम दहा मिलिव्होल्टचा दाब तयार होतो, तीस नॅनोवॅटला दोन मिलिव्होल्टही नाही. चांगले शॉट्की डायोड आणि नीट जुळवलेले मंडल वापरूनही एक मायक्रोवॅटच्या खाली मिळालेल्या ऊर्जेचा फार थोडा टक्का वीज होऊन बाहेर पडतो. नॅनोवॅटमध्ये तर दार उघडतच नाही म्हणा. याउलट दहा मायक्रोवॅट खरोखर हाती पडावेत असे वाटत असेल, तर या टॉवरच्या शे-दोनशे मीटरच्या आत, झोताच्या वाटेवर राहावे लागते.

बरे, दहा मायक्रोवॅट मिळाले असे धरू. अखंड चोवीस तास साठवले, तर एका दिवसात ०.८६ ज्यूल जमतात. पाच हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६९ हजार ज्यूल मावतात. ती भरायला दोनशेहून अधिक वर्षे लागतील. टोल्यावर दिवा लागेल का, या प्रश्नाचे उत्तर या एका भागाकारात आहे.

यावर एक शंका हमखास येते. एटापल्लीच्या पुढे एखाद्या चढावर उभे राहिले की फोन लागतो, म्हणजे लहर तिथवर पोचते. मग वीज का मिळू नये? निरोप पोचायला लागणारी ऊर्जा आणि काम करायला लागणारी ऊर्जा यांत प्रचंड अंतर आहे. टूजी फोन एक वॅटच्या दहा लाख-कोटीव्या भागाएवढ्या सिग्नलवरही बोलणे चालू ठेवतो. फास्टॅगच्या चिपला त्याच्या दहा कोटी पट ऊर्जा हवी. फोनला इतक्या क्षीण लहरीतून शब्द वेगळे काढता येतात, कारण त्या कष्टाची ऊर्जा त्याची बॅटरी देते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या लहरी ती टिपते, पण ती चालते महावितरणाच्या विजेवर. लहरीतले ज्ञान वाचता येते, म्हणून त्यातून वीज मिळते असे नाही.

आणखी एक वस्तुस्थिती आपल्या भागातलीच आहे. माओवादाची झळ बसलेल्या जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने मोबाइल टॉवरांची योजना केली. एप्रिल २०२२ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्यातल्या २३४३ ठिकाणांचे टूजीवरून फोरजी करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दुर्गम भागातले असे कितीतरी टॉवर स्वतःच सौर पॅनेलवर चालतात. सूर्याकडून पॅनेल, पॅनेलकडून बॅटरी, बॅटरीकडून प्रक्षेपक, तिथून हवेत आणि हवेतून पुन्हा आपल्या अँटेनात, असा फेरा घेऊन मायक्रोवॅट मिळवण्यापेक्षा उपकरणाला पाच सेंटिमीटरचा सौर तुकडा लावणे कधीही चांगले. दाट सावलीत उन्हाचा शंभरावा भाग जरी खाली झिरपला, तरी तेवढा तुकडा पाच मिलिवॅट देतो, म्हणजे आपल्या दहा मायक्रोवॅटच्या पाचशे पट. जिथे लहर भरपूर, तिथे टॉवरची वीज हाताशी. जिथे वीज नाही, तिथे लहरही नाही. आयत्या लहरींवर विसंबणाऱ्या योजनेची आपल्या वनजिल्ह्यांत हीच मर्यादा आहे आणि ती डावलून केलेले कोणतेही आश्वासन खोटे ठरेल.

मग या तंत्राचे आपण काय करावे? माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. जंगलात आयती लहर शोधू नये. आपली लहर आपणच हातात घेऊन जावी. टोलनाक्यावर जे होते तेच रानात करावे. वनरक्षक रोज गस्तीला जातो, आशाताई घरोघर जातात, खरेदी केंद्राचा ग्रेडर धान तपासायला जातो. त्यांच्या हातात एक लहान वाचक असावा आणि झाडावर, पेटीत, पोत्यात, भिंतीत छापील अँटेनाचे चिटोरे असावे. वाचक एकच, बॅटरी एकच, ती रात्री मुक्कामी चार्ज व्हावी. चिटोरी हजारो असली तरी त्यांना काही लागत नाही.

बल्लारशा आणि आलापल्लीच्या लाकूड आगारांचेच उदाहरण घ्या. लाकडावर हातोड्याने शिक्का मारतात, खडूने किंवा रंगाने आकडे घालतात. ऊनपावसात आकडे पुसतात. ओंडक्याच्या तोंडावर छापील चिटोरे ठोकले, तर तोडीपासून लिलावापर्यंत त्या ओंडक्याची ओळख टिकते. इथे एक तांत्रिक अडचण आहे. ओल्या लाकडातले पाणी अँटेनाचा सूर खाली खेचते आणि कोरड्या लाकडासाठी आखलेला अँटेना ओल्या लाकडावर मुका होतो. म्हणून तो आपल्या सागावर, आपल्या पावसात तपासूनच आखावा लागेल. बाहेरून आणलेले चिटोरे जसेच्या तसे चालणार नाही.

पण याच अडचणीचा उपयोगही करता येतो. ओलाव्याने अँटेनाचा सूर बदलतो, तर तो सूर मोजून ओलावा सांगता येतो. धानाच्या पोत्यांची थप्पी लागली की आतल्या पोत्याला ओल लागली की नाही हे बाहेरून दिसत नाही आणि कळते तेव्हा धान काळे पडलेले असते. थप्पी लावतानाच मधल्या पोत्यांत अशी चिटोरी घातली, तर थप्पी न मोडता बाहेरून वाचता येतील, निदान कडेच्या दोन-तीन थरांपर्यंत. यात बॅटरी नाही, म्हणून धान भरडायला गेले तरी घातक कचरा त्यात जाण्याची भीती नाही.

दवाखान्याची बाजू वेगळी आहे. लशीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो, त्याला वीज लागतच नाही. जिथे रसायन पुरते, तिथे इलेक्ट्रॉनिक उपकरण घुसवू नये. मात्र रक्ताची पिशवी, तपासणीचे नमुने यांचा माग ठेवायला छापील चिटोरे उपयोगी पडेल. सिकलसेलच्या रुग्णांसाठी रक्ताची गरज आपल्या भागात सतत असते, तिथे पिशवीची अचूक ओळख हा जिवाचा प्रश्न आहे.

काय होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ट्रॅप कॅमेरा या विजेवर चालणार नाही. वाघाच्या गळ्यातली रेडिओ कॉलर चालणार नाही. वणव्याची वर्दी दूरवर पाठवणारा संवेदक आयत्या लहरींवर चालणार नाही. एक दूरचा निरोप पाठवायला पन्नास ते शंभर मिलिज्यूल लागतात. टॉवरच्या अगदी जवळ तसे दिवसाला आठ-दहा निरोप कदाचित जातील, ताडोबाच्या गाभ्यात एकही जाणार नाही. या कामांना सौर तुकडा किंवा चांगली बॅटरीच हवी.

मग बॅटरीच का वापरू नये? नाण्याएवढा लिथियमचा सेल दहा मायक्रोवॅटचे उपकरण कागदावर सात वर्षांहून जास्त चालवतो. शंभर उपकरणे असतील तर सेलच वापरावेत, असे मी अभियंता म्हणून सांगेन. पण लाखभर ओंडके, लाखो पोती असतील, तेव्हा सेल बदलणार कोण, गोळा करणार कोण? चंद्रपूरच्या मे महिन्यात सेल लवकर म्हातारा होतो आणि जंगलात पडलेला सेल जमिनीत आणि पाण्यात जातो. छापील अँटेनाची खरी जागा इथे आहे: संख्या प्रचंड, काम अगदी थोडे, आणि वस्तू पुन्हा हाती येण्याची खात्री नाही.

या तंत्रात आपल्या जिल्ह्याचा माल आणि आपली कारागिरीही उपयोगी पडू शकते. ज्यावर अँटेना छापायचा तो कागद. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ पासूनची आणि ती पिढ्यान्पिढ्या इथल्या बांबूवर चालली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. बांबू विकण्याचा हक्क मिळाला, आता त्यावर जास्त मोलाची वस्तू करण्याची विद्याही मिळाली पाहिजे. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटिंगचा कारागीर जाळीवरून शाई जशी ओढतो, तशीच चांदीची विद्युतवाहक शाई कागदावर ओढली जाते आणि मग शंभर-दीडशे अंशांवर भाजली जाते. भान एकाच गोष्टीचे ठेवायचे. नव्वद कोटी हर्ट्झचा प्रवाह शुद्ध चांदीच्या वरच्या दोनेक मायक्रोमीटरच्या थरातूनच वाहतो. शाई शुद्ध धातूहून कमी वाहक असते, म्हणून तिचा थर त्याच्या काही पट जाड आणि सलग हवा. थर विरळ पडला, तर मुळातच थोडी असलेली ऊर्जा शाईतच उष्णता होऊन जाते. कागदाला ओलावा लागू नये म्हणून त्यावर लाखेचा थर देता येतो. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतल्या संशोधकांनी तर लाख आणि कार्बन मिसळून जमिनीत विघटित होणारी विद्युतवाहक शाईच तयार केली आहे. पळसावरची लाख आपल्या माणसाला नवी नाही.

टॉवरच्या लहरींची भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून दोन शब्द. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. १८०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस सेंटिमीटरला ९० मायक्रोवॅट ठरते. लंडनच्या रस्त्यावरची सरासरी तिच्या हजाराव्या भागाच्या आसपास होती. वीज काढायला अपुरी पडणारी ही ऊर्जा किती क्षीण आहे, याचा अंदाज त्यावरून करावा. आणि हवेतल्या लहरींवर मोबाइल चार्ज करून देतो असे सांगणारे स्टिकर कोणी विकायला आला, तर त्याला मघाचा दोनशे वर्षांचा भागाकार करून दाखवावा.

शेवटी माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली विद्यार्थ्यांना. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून याच भूमीत आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत. आपल्या तालुक्यात कोणत्या पट्ट्यात किती लहर पोचते, याचा मोजलेला नकाशा करा. गावातला पार, शाळा, उपकेंद्र, आगार, रान, पावसाळा आणि उन्हाळा, अशा नोंदी ठेवा. फोनवर दिसणारा टूजीच्या आणि फोरजीच्या सिग्नलचा आकडा वेगवेगळ्या रीतीने मोजलेला असतो, म्हणून दोन्ही एकत्र करू नका. महाविद्यालयात स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर तोच न्या. हा नकाशा विजेसाठी निराशाजनक निघेल, तरी फोन कुठे लागत नाही हे सांगणारा सर्वांत उपयोगी कागद तोच ठरेल.

दुसरी विनंती वनविभाग, आरोग्य विभाग आणि ग्रामसभांना. एक आगार, एक धान केंद्र, एक दवाखाना निवडा आणि हातातल्या वाचकाचा प्रयोग एक पूर्ण पावसाळा चालवा. किती चिटोरी वाचली गेली, किती मुकी राहिली, हे दोन्ही आकडे जाहीर करा.

तिसरी विनंती आपणा सर्वांना. ज्या जिल्ह्याच्या डोक्यावरून १५०० मेगावॅटची वाहिनी जाते, त्याच्या शेजारच्या टोल्यावर खात्रीची वीज नसेल, तर तिची मागणी तारेने किंवा सौर पॅनेलनेच पुरी झाली पाहिजे. मायक्रोवॅटचे तंत्र मायक्रोवॅटच्या कामालाच वापरा, आणि दिव्याची मागणी एक वॅटनेही कमी करू नका.